विचारा की राव! : जुनी लढाऊ विमानं एअर शोला का दिसत नाहीत?

प्रश्न : काका, नमस्कार. सूर्यकिरणचा शो बघून आलो, नऊच्या नऊ हॉक एका लायनीत, अंगावर काटा आला. पण आमचे वडील घरी येईपर्यंत एकच धोशा लावून होते, की ७१ च्या लढाईतलं एक तरी विमान आणायला पाहिजे होतं, हंटर नाहीतर नॅट, नुसती एक चक्कर मारली असती तरी चाललं असतं. परदेशात म्हणे दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर सर्रास उडतात. मग आपल्याकडे घोडं पेंड कुठे खातंय? (इंदिरानगरहून एक वाचक)

उत्तर : वडिलांना नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. फक्त आपल्याकडे जुनं विमान उडतच नाही असं मात्र नाहीये. हवाई दलाची स्वतःची व्हिंटेज फ्लाइट आहे, त्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा अशी विमानं आहेत. डकोटाचं नाव परशुराम आणि नंबर व्हीपी ९०५, हा नंबर मुद्दाम दिलाय, कारण २७ ऑक्टोबर १९४७ ला सैनिक घेऊन श्रीनगरला जे पहिलं डकोटा उतरलं त्याचा हाच नंबर होता. तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी हे विमान विकत घेतलं, इंग्लंडमध्ये नीट करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं, त्यांचे वडील हवाई दलात डकोटाच उडवायचे. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते तिकडून स्वतः उडत उडत भारतात आलं, जहाजावर लादून नाही आणलं.

आता ही तिन्ही विमानं जरा निरखून बघा. तिन्ही पंख्याची, तिन्ही हळू उडणारी, आणि हार्वर्ड-डकोटाला इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं. डकोटातलं जे इंजिन आहे ना, त्याची पावणेदोन लाखांच्या आसपास नगं बनली होती, त्यामुळे जगात आजही त्याचा सिलिंडर मिळतो, पिस्टन मिळतो आणि ते खोलून परत बसवणारी माणसंही मिळतात. तरी पण नखरे आहेतच. गोल इंजिन असल्यामुळे काही सिलिंडर खाली तोंड करून असतात, विमान काही दिवस उभं राहिलं की तेल ओघळून त्या खालच्या सिलिंडरांत साचतं, आणि तसाच स्टार्टर मारला तर तेल काही दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्टार्ट करायच्या आधी दोन-तीन जण पंख्याचं पातं हाताने ओढत ओढत इंजिन फिरवतात, कुठे अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, खालचा स्पार्क प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं, मग पुढे. जोर लावायचा नाही. हे पुस्तक वाचून येत नाही, हे कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं.

आणि सगळी गोम इथेच आहे. जुनं विमान उडतं ते त्याच्या मागे असलेल्या माणसांच्या, स्पेअरच्या आणि कागदांच्या साखळीवर. ही साखळी तुटली की विमान कितीही चकाचक असू दे, त्याचा पुतळा झाला म्हणून समजा. आपल्याकडे हंटर १९५७ ला आलं आणि २००१ पर्यंत राहिलं, नॅटचा धाकटा भाऊ अजित १९९१ ला गेला. स्क्वाड्रन बंद झाली की टेक्निशियन दुसऱ्या विमानावर जातात नाहीतर रिटायर होतात, खास टूल भंगारात जातात, इंजिन तपासायची टेस्ट बेंच दुसऱ्या कामाला लागते. विमान मात्र छान रंगवून चौकात उभं राहतं आणि आपण त्याच्यापुढे सेल्फी काढतो.

इंग्लंडमध्ये हंटर-नॅट उडत राहिले ते तिकडे पैसा जास्त आहे म्हणून, असं लोक म्हणतात. अर्धं खरं आहे ते. खरा फरक हा की तिथे विमान हवाई दलातून निघाल्या निघाल्या कोणीतरी हौशी माणसाने स्पेअर, मॅन्युअल आणि लॉगबुकसकट विकत घेतलं आणि त्यावर काम केलेले रिटायर्ड लोक शनिवार-रविवार तिथे येत राहिले. साखळी तुटूच दिली नाही. आपल्याकडे लढाऊ विमान खाजगी माणसाने घेऊन उडवायची रीतच नाही. सरकारी मालमत्ता, विषय संपला.

पण पैसा आहे, माणसं आहेत, प्रेम आहे, तरी विमान थांबतं, त्याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे व्हल्कन. चार इंजिनांचं, त्रिकोणी पंखांचं अजस्र ब्रिटिश बॉम्बर, अणुबॉम्ब टाकण्यासाठी बनवलेलं. त्यातलं एक, एक्सएच ५५८, हवाई दलाने १९९३ ला थांबवलं आणि ते परत उडलं थेट ऑक्टोबर २००७ मध्ये. मधली चौदा वर्षं लोकांनी वर्गण्या काढल्या, लॉटरी फंडातून २७ लाख पौंडांहून जास्त मिळाले, विमान नटबोल्टापर्यंत खोललं. परत उडालं तेव्हा माणसं रडली म्हणतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही, त्या इंजिनांचा आवाज व्हिडिओत ऐकला तरी छातीत घुमतो.

मग २०१२ मध्ये काय झालं ऐका. विमान उभं असताना इंजिनात दमटपणा नको म्हणून हवेच्या तोंडाशी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतात, त्या काढायच्या राहिल्या. टेकऑफला एका इंजिनाने त्या आत ओढल्या, त्याचे तुकडे झाले, ते तुकडे शेजारच्या इंजिनाने ओढले, झालं, दोन इंजिनं एका झटक्यात कामातून गेली. आग लागली नाही, माणूस दुखावला नाही, पण ही ऑलिंपस इंजिनं आता कोणी बनवत नाही आणि शिल्लक होती ती अगदी मोजकी. बुटाच्या खोक्यात आपण जी पुडी फेकून देतो तीच मोठ्या साइजमध्ये, आणि तिने एवढं नुकसान केलं.

आणि तरीही ते थांबलं ते इंजिनामुळे नाहीच. २०१५ मध्ये रोल्स-रॉईस, बीएई सिस्टिम्स आणि मार्शल या तीन कंपन्यांनी सांगितलं की यापुढे आम्ही टेक्निकल सपोर्ट देणार नाही, ज्यांना हे विमान खरोखर कळत होतं ती माणसं आता कामावर उरलेली नाहीत. तिथल्या नियमाप्रमाणे एवढं किचकट विमान अशा कंपनीची जबाबदारी असल्याशिवाय उडवताच येत नाही. २८ ऑक्टोबर २०१५ ला शेवटचं उड्डाण झालं. उडण्याच्या लायकीचं विमान जमिनीवर बसलं, कारण त्याच्यासाठी सही करणारा कोणी राहिला नाही.

प्रश्न : माझ्या मामाने ६८ सालची जावा भंगारातून उचलली, अंबडला लेथवर पार्ट बनवून घेतले, आज ती गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला मस्त पळते. विमानाचं असं का नाही करता येत? आपल्या अंबड-सातपूरला काय बनत नाही? (सिडकोतून एक वाचक)

उत्तर : बनतं हो, सगळं बनतं. मायक्रॉनमध्ये बनतं. प्रश्न बनवण्याचा नाहीये. मामाची जावा त्र्यंबकच्या घाटात बंद पडली तर मामा शिव्या घालत खाली उतरेल आणि टेम्पो बोलावेल. वर आकाशात बाजूला घेऊन थांबता येत नाही. म्हणून विमानाच्या साध्या बोल्टलासुद्धा जन्मदाखला लागतो, कुठल्या धातूच्या कुठल्या लॉटमधला, हीट ट्रीटमेंट काय झाली, कुणी तपासला, कुणी बसवला. हुबेहूब तसाच बोल्ट तुम्ही अंबडहून करून आणलात तरी तो कागद नसेल तर तो बोल्ट नाहीच, नुसता लोखंडाचा तुकडा आहे. मूळ ड्रॉइंग कंपनीकडे असतात, कंपनी तीनदा विकली गेलेली असते, ड्रॉइंग कुठल्यातरी गोदामात, आणि त्यात लिहिलेला मिश्रधातू आज त्या नावाने मिळतच नाही.

दुसरं म्हणजे डोळ्याला न दिसणारं म्हातारपण. धातू थकतो. पंख दर उड्डाणात थोडा वर-खाली वाकतो आणि वर्षानुवर्षांनी आत कुठेतरी केसाएवढी चीर पडते, ती बाहेरून दिसत नाही, रंगाखाली तर नाहीच नाही. अमेरिकेत बी-१७ बॉम्बर अजून थोडी उडती होती, २०२३ मध्ये पंख जिथे धडाला जोडला जातो तिथल्या जोडात चिरा आणि गंज सापडला, तर तिथल्या विमान खात्याने ऑर्डर काढली की सगळ्यांनी आधी हा जोड तपासा, मग उडा. आणि ही तपासणी काही सोपी नाही. झालं, सीझन गेला. त्यात त्या काळच्या विमानांत वजन वाचवायला मॅग्नेशियमचे पार्ट भरपूर, आणि मॅग्नेशियमला दमट हवा म्हणजे वाळवीच. रबराचे सील कडक होतात, वायरींचं कव्हर हात लावला की भुकटी होतं.

आणि लाकडाची विमानं तर वेगळंच प्रकरण. मॉस्किटो नावाचं जबरदस्त वेगवान ब्रिटिश विमान प्लायवूड आणि बाल्साचं होतं, जोड गोंदाचे. १९४४ मध्ये आपल्याच भागात, भारत-ब्रह्मदेशाच्या बाजूला, हवेत पंख तुटून अपघात झाले आणि मॉस्किटो काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. आधी सगळं खापर आपल्या हवेवर फुटलं, चौकशीत मग कारखान्यातल्या जोडकामातही खोट निघाली. इंग्लंडमधलं शेवटचं उडतं मॉस्किटो १९९६ च्या जुलैमध्ये एअर शोतच पडलं, दोघेही गेले. त्यानंतर जगात एकही उडतं नव्हतं, २०१२ ला न्यूझीलंडमध्ये एक परत उडालं, पण कसं? तर सगळा लाकडी सांगाडा नव्या साच्यावर नव्याने बनवून. साचा बनवायलाच वर्षं गेली. तेव्हा मामाला सांगा, जावाच बरी.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. एक लॉजिक कळत नाही. लँकेस्टर बॉम्बर सात हजारांवर बनली आणि उडणारी फक्त दोन, आणि स्पिटफायर मात्र कितीतरी. जी जास्त बनली ती जास्त उरली असं असायला पाहिजे ना? (नाशिकरोडहून एक विद्यार्थी)

उत्तर : छान विचारलंस, परीक्षेत असा प्रश्न विचारायला पाहिजे. लँकेस्टर ७,३७७ बनली, उडती दोनच, एक ब्रिटनच्या हवाई दलाकडे आणि एक कॅनडात. अमेरिकेची बी-२९ बॉम्बर जवळपास चार हजार बनली, तिचीही उडती दोनच, फिफी आणि डॉक. स्पिटफायर वीस हजारांवर बनली. पण तू विमानाची संख्या मोजू नकोस, इंजिनाची मोज.

स्पिटफायरमध्ये मर्लिन इंजिन, तेच लँकेस्टरमध्ये, तेच मॉस्किटोत, तेच अमेरिकेत पॅकार्डने बनवून मस्टँगमध्ये. सगळी मिळून दीड लाखाच्या घरात. आज नव्वद वर्षांनीही मर्लिन ओव्हरहॉल करून देणारी वर्कशॉप आहेत, नवे पार्ट बनवणारे आहेत. आता लँकेस्टरला चार मर्लिन लागतात आणि स्पिटफायरला एक, सात-आठ जणांचा क्रू विरुद्ध एकच पायलट, हँगर केवढा, इंधन केवढं. म्हणजे एका लँकेस्टरच्या खर्चात चार-पाच स्पिटफायर पोसता येतात आणि श्रीमंत हौशी माणूस अर्थातच स्पिटफायर घेतो, कारण त्यात तो स्वतः बसून मजा मारू शकतो, लँकेस्टरमध्ये त्याला पार्टी ठेवावी लागेल.

उलटं उदाहरण टायफूनचं. हॉकर टायफून तीन हजारांवर बनलं, नॉर्मंडीत जर्मन रणगाड्यांची दाणादाण उडवली, आज जगात अख्खं एकच उरलंय आणि ते म्युझियममध्ये. का? तर इंजिन नेपियर सेबर, चोवीस सिलिंडर, स्लीव्ह व्हॉल्व्ह, म्हणजे साधे व्हॉल्व्ह नाहीत तर सिलिंडरच्या आत आणखी एक नळी सरकते आणि फिरते. ताकद तुफान, पण त्या काळच्या मेकॅनिकच्या नाकी नऊ आले होते, आज कोण हात लावणार. जर्मनांचं मी-२६२ (मी म्हणजे मेसरश्मिट), पहिलं लढाऊ जेट, त्याच्या इंजिनाचं आयुष्यच साधारण २५ तास होतं कारण जर्मनीकडे निकेल-क्रोमियम उरलं नव्हतं, साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा थर देऊन वेळ मारून नेली होती. अमेरिकेत अलीकडे त्याची हुबेहूब नवी विमानं बनवली ती उडतात, पण आत जनरल इलेक्ट्रिकचं जे-८५ इंजिन बसवून. मला विचारशील तर ही तडजोड मला मान्य आहे, पण डोळे मिटून ऐकलं तर ते मी-२६२ नाही.

आता तुझ्यासाठी एक आपल्याकडची गोष्ट. टेंपेस्ट म्हणजे टायफूनचा पुढचा अवतार. त्यातलं मार्क २ आपल्या हवाई दलाकडे होतं, त्याला सेबर नाही तर ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन. रिटायर झाल्यावर काही टेंपेस्ट पुण्याला पडून होती, १९७० च्या दशकात इंग्रज हौशी लोक आले आणि ती उचलून घेऊन गेले. त्यातलंच एक ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडला सायवेलच्या धावपट्टीवरून परत उडालं. सत्तेचाळीस-पन्नासच्या काळात आपल्या हवाई दलात नोकरी केलेलं विमान!

लिबरेटर बॉम्बरचंही तेच. युद्ध संपल्यावर कानपूरला ती टाकून दिली होती, आणि टाकताना कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) लोकांनी त्यातून चाळीसेक उभी केली आणि आपण ती १९६८ पर्यंत वापरली, जगात बाकी सगळ्यांनी केव्हाच भंगारात घातल्यावर. मग अमेरिका-इंग्लंड-कॅनडाची म्युझियम आपल्या दारात रांगेत. त्यांच्या म्युझियममधल्या कितीतरी लिबरेटर भारतातून गेलेल्या आहेत, एक तर नंतर अमेरिकेत वर्षानुवर्षं एअर शोला उडत होती. आपण वाचवलं आणि उडवलं त्यांनी. राग येतो खरा, पण आपण ठेवून तरी काय केलं असतं हाही प्रश्नच आहे.

कधी कधी कारण इंजिन नाही, राजकारण असतं. एफ-१४ टॉमकॅट अमेरिकेने २००६ ला रिटायर केलं आणि मग चक्क मशिनमध्ये घालून तुकडे केले. हे विमान दुसरं फक्त इराणकडे होतं, शहाच्या काळात विकलेलं, स्पेअर फिरून-फिरून तिकडे जाऊ नयेत म्हणून कायदाच केला की म्युझियम सोडून कुणालाही पार्ट द्यायचे नाहीत. त्यामुळे टॉमकॅट अमेरिकेतल्या कुठल्याही एअर शोत उडताना दिसत नाही, उभं असतं फक्त.

प्रश्न : माझे सासरे ओझरला एचएएलमध्ये मिगच्या असेंब्लीवर होते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ टीव्हीवर बघताना त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. ज्या गावात शेकड्याने मिग बनली त्या गावात एक तरी मिग उडतं ठेवता येणार नाही का? निदान वर्षातून एकदा? (ओझर टाउनशिपहून एक वाचक)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मीसुद्धा जरा वेळ गप्प बसलो. ओझरचा कारखाना १९६४ चा, तो मिग-२१ साठीच उभा राहिला, आधी त्याचा एफएल प्रकार, मग एम, मग बिस, त्यानंतर मिग-२७, मग सुखोई, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच तेजस मार्क १ए उडालं. आपल्या पिढीतल्या नाशिककराला पिंपळगाव-चांदवडच्या रस्त्याला डोक्यावरून गेलेला तो आवाज वेगळा सांगावा लागत नाही.

पण खरं सांगू का, नाही जमणार. म्हणजे जमवलं तर जमेल, पण जमवू नये असं माझं मत आहे. एक मिग उडतं ठेवायचं म्हणजे एक मिग ठेवायचं नसतं. पायलटचा हात चालू राहायला त्याला दर महिन्याला उडावं लागतं, वर्षातून एकदा सव्वीस जानेवारीला नाही. हे विमान उतरतं तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो, इंजिन एकच, ते बंद पडलं तर त्या छोट्या त्रिकोणी पंखांवर तरंगत यायची सोय नाही. म्हणजे नव्या पायलटला शिकवायला दोन सीटवालं मिग पण पाहिजे. मग दोघांची स्पेअर इंजिनं, ती इंजिनं बनायची कोरापुटला, ठराविक तास झाले की ओव्हरहॉल, म्हणजे तिकडची लाइन पण जिवंत पाहिजे. बघता बघता अर्धी स्क्वाड्रन झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यात इजेक्शन सीट. लोकांना वाटतं ती एक खुर्ची आहे, दांडा ओढला की बाहेर. तिच्यात दारूची काडतुसं असतात, त्या काडतुसांना औषधासारखी एक्स्पायरी डेट असते, आणि कारखाना बंद झाला की नवी मिळत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत २००९ ला लाइटनिंग नावाचं जुनं ब्रिटिश जेट एअर शोत पेटलं, पायलटने बाहेर पडायचा प्रयत्न केला तर वरची काचच उडाली नाही, गेला बिचारा. सीट चालू नसेल तर अशा विमानात माणूस बसवायचा का, हा साधा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिगच्या बाबतीत तुमचे सासरे माझ्यापेक्षा चांगलं देतील.

अमेरिकेत काही मिग-२१ खाजगी लोकांकडे आहेत, त्यातली काही उडाली पण आहेत, हे मला माहीत आहे. आर्ट नॉल्स नावाच्या रिटायर्ड मरीन टेस्ट पायलटने तर अख्खं सी हॅरियर विकत घेऊन एअर शोला उडवलं. पण तिथे मैलोन्‌मैल मोकळं रान आहे आणि नियम सरळ सांगतो की हे प्रयोगाचं विमान आहे, बसायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर. आपल्याकडे मिग पडलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल ते मी लिहायची गरज नाही, त्या विमानाची आधीच पुरेशी बदनामी झालेली आहे, त्यातली निम्मी अन्यायाची.

मला एक वेगळी गोष्ट करावीशी वाटते. इंग्लंडमध्ये काही ग्रुप आहेत ते विमान उडवत नाहीत पण जिवंत ठेवतात. वेल्सबर्नला एक व्हल्कन आहे, त्याची चारही इंजिनं चालू करून धावपट्टीवर पळवतात, नाक उचलेपर्यंत वेग घेतात आणि ब्रेक मारतात. ब्रंटिंगथॉर्पला लाइटनिंगचे ग्रुप आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवायची सोय) लावून असंच करायचे, लोक तिकीट काढून बघायला यायचे. धोका यातही आहे, सप्टेंबर २०२२ ला तो वेल्सबर्नचा व्हल्कन थांबताना धावपट्टीच्या बाहेर जाऊन गवतात रुतला. पण नुसतं जागेवर बांधून, इंजिन चालू करून आफ्टरबर्नर लावला तरी बास की. ओझरला एक मिग असं ठेवा, वर्षातून एकदा चालू करा, आणि ते चालू करायला ज्यांनी बनवलं त्यांना बोलवा. सासऱ्यांचं वय किती आहे मला माहीत नाही, पण हे करायचं तर लवकर करायला पाहिजे, कारण विमान थांबेल, ही माणसं थांबणार नाहीत.

प्रश्न : एवढी भीती घालताय, पण पन्नास-साठ वर्षं जुन्या विमानांचे खरंच इतके अपघात होतात का, की हे सगळं सरकारी नियमांचं नाटक आहे? (पंचवटीतून एक वाचक)

उत्तर : नाटक नाही हो. आणि गंमत अशी की मोठ्या अपघातात बऱ्याचदा विमानाचा दोषच नसतो. शोरहॅम, इंग्लंड, २२ ऑगस्ट २०१५. तुमच्या-आमच्या आवडीचं हंटर, दोन सीटचं. लूप मारताना वर ३,५०० फूट तरी गाठायला पाहिजेत, ते साधारण २,७०० लाच पालथं झालं आणि खाली यायला जागा उरली नाही, सरळ भर ट्रॅफिकच्या हायवेवर. अकरा माणसं गेली. त्यातली बहुतेक शो बघायला आलेलीही नव्हती, रस्त्याने आपल्या कामाला चालली होती. पायलट वाचला, पुढे कोर्टातून सुटला. चौकशीत इंजिन ठीक होतं असंच निघालं, पण तपासता तपासता हेही निघालं की सीटमधल्या काडतुसांची मुदत उलटून गेली होती. त्यानंतर तिथे जुन्या जेटनी जमिनीच्या वरच्या आकाशात कसरती करायच्या नाहीत, सरळ उडत जायचं, असा नियम आला आणि खूप मालकांनी म्हटलं, मग कशाला एवढा खर्च?

२०१९ ला अमेरिकेत बी-१७ पडलं, सात गेले. २०२२ ला डॅलसच्या शोत किंगकोब्रा नावाचं एक लढाऊ विमान दुसऱ्या बी-१७ वर जाऊन आदळलं, सहा गेले, जगातल्या मोजक्या उडत्या विमानांपैकी दोन एका सेकंदात गेली. अशा प्रत्येक अपघातानंतर इन्शुरन्स वाढतो, आणि शो भरवणारे आधी हिशोब करतात. अमुक विमान का बोलावलं नाही, तर नव्वद टक्के वेळा त्याचं उत्तर इन्शुरन्सच्या कागदात असतं.

प्रश्न : गांधीनगरवरून रोज जी चेतक हेलिकॉप्टर उडतात ती पण जुनीच ना? ती कशी चालतात मग? (उपनगरहून)

उत्तर : जुनीच. मूळ फ्रेंच डिझाइन १९५९ सालचं. पण ती अजून नोकरीत आहेत, एचएएल पाठीशी आहे, साखळी शाबूत आहे, म्हणून चालतात. वय हा मुद्दाच नाही हे मी वर तीन पानं जे सांगतोय त्याचा पुरावा रोज सकाळी तुमच्या गच्चीवरून जातो.

प्रश्न : उडताना नाही तर नाही, मुलांना ही विमानं निदान जवळून दाखवायची तर नाशिकहून कुठे जावं? (गंगापूर रोडहून एक आई)

उत्तर : सगळ्यात जवळ मुंबई, वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, तिथे मारुत आहे. आपण बनवलेलं पहिलं लढाऊ जेट, १९६१ ला पहिल्यांदा उडालं, डिझाइन कुर्ट टँक या जर्मन इंजिनिअरचं, आणि एकूण १४७ बनली. त्यातलं आज एकही उडत नाही, ब्रिटिश नॅट अजून उडतं आणि आपलं मारुत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सुट्टीत गोव्याला जाणार असाल तर दाबोळीच्या विमानतळाजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, आणि बाहेर उभं असलेलं ते भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन. समुद्राची खारी हवा आहे, त्यामुळे मॅग्नेशियम आणि गंज यावर मी वर जे लिहिलंय ते मुलांना प्रत्यक्ष बोट दाखवून समजावता येईल, फक्त बोट लावू देऊ नका. दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय मात्र सगळ्यात भारी, स्पिटफायर, हरिकेन, टेंपेस्ट आणि वापिती, म्हणजे १९३३ ला आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन ज्या विमानावर उभी राहिली ते. कुठेही निघायच्या आधी त्या दिवशी उघडं आहे का ते बघून घ्या, आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

पुढच्या अंकासाठी टायगर मॉथच्या कापडी पंखांबद्दल तिघांचे प्रश्न आले आहेत, ते घेतोच. जेल रोडच्या ज्या वाचकाने विचारलंय की जुनं मिग विकत मिळतं का आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसेल का, त्यांनी आधी सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र पाठवावं.